पंचाण्णवचा निकाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचा गाडा इतकी वर्षं ओढणारे विनय पोतनीस, लीड्सच्या मंडळातून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या सुलक्षणाताई, सत्कारमूर्ती डॉक्टर शशिधर नगरकर, त्यांना कायमचं आपल्या घरी न्यायला बेसिंगस्टोकहून आलेले त्यांचे चिरंजीव राजीव आणि सूनबाई शिल्पा, आणि समोर बसलेल्या नॉटिंगहॅमकर बंधुभगिनींनो. तुमच्यातले निम्मे माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसलेले आहेत आणि उरलेले गेली कित्येक वर्षं मला टाळताहेत, त्यामुळे ओळख करून देत नाही. पाहुण्यांसाठी सांगते, मी वैजयंती रणदिवे. दातांची डॉक्टर.

विनयनं मला दहा मिनिटं दिली आहेत. पण किचनमधला चहाचा अर्न, म्हणजे पाणी तापवायचा तो मोठा पिंप, लावायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही, तो आत्ता कुठे लावलाय. एवढ्या माणसांचं पाणी तापायला वेळ लागतो. तोपर्यंत मला खाली बसवण्यात कोणाचा काही फायदा नाही.

डॉक्टर नगरकरांविषयी आधीचे वक्ते बोलले. त्यांनी बदललेले खुबे, त्यांनी बसवलेले गुडघे, गणपतीची आरास करताना शिडीवरून पडून त्यांनी स्वतःचा मोडून घेतलेला घोटा, सगळं बोलून झालं. सगळं खरं आहे. त्यात भर घालावी असं माझ्याकडे काही नाही. मी कुस्तीविषयी बोलणार आहे.

विनय, असा बघू नकोस. हॉल एकदम का गप्प झाला तेही मला कळतंय. पण सुलक्षणाताईंना कळलेलं नाही, तेव्हा सुरुवातीपासून सांगते.

डॉक्टर या देशात आले ते आधी लीड्सला. त्यांची लँडलेडी दर शनिवारी चारच्या सुमारास विणकाम घेऊन टेलीसमोर बसायची, कारण तेव्हा कुस्ती लागायची. पोट सुटलेले इंग्लिश पैलवान एकमेकांना धरून आदळायचे आणि ही चर्चमध्ये फुलं मांडणारी बाई सुई उगारून 'कान उपट त्याचा' म्हणायची. शशी तिच्याशेजारी बसायला लागला. अजय, तुम्हा इथे वाढलेल्या पोरांना वाटतं आम्ही इंग्रजी पुस्तकांतून शिकलो. निदान शशी तरी तसा शिकलेला नाही. माफ करा, अध्यक्ष महाराज, डॉक्टर म्हणायला हवं. पण मला ते फार वेळ जमणार नाही.

अठ्ठ्याऐंशी साली ती शनिवारची कुस्ती टेलीवरून बंद झाली. पुढच्याच वर्षी नगरकरांच्या घरावर डिश बसली. तिच्यातून अमेरिकेतली कुस्ती यायला लागली. माझ्या नवऱ्यानं, रवीनं, पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करून विचारलं, ही सगळी खोटी असते ना? तेव्हा शशी म्हणाला होता, "निकाल ठरलेला असतो. पडणं खरं असतं." हाडांच्या डॉक्टरनं सांगितल्यावर रवीही खुर्ची ओढून बसला.

तर ताई, त्या अमेरिकन कुस्तीत दर जानेवारीत एक प्रकार होतो. रॉयल रंबल म्हणतात त्याला. पहिल्या वर्षी त्यात वीस गडी होते आणि तो लोकांना टीव्हीवर असाच बघायला मिळाला. दुसऱ्या वर्षी तीस केले आणि तिकडची माणसं त्या एका कार्यक्रमाचे वेगळे पैसे मोजून बघायला लागली. आपल्याकडे डिश लावली की येई. नियम अगदी सोपा. आधी दोघे रिंगमध्ये उतरतात. मग थोड्याथोड्या वेळानं एकेक जण येत राहतो. कोण कितवा येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं असं सांगतात. सगळ्यात वरच्या दोरावरून बाहेर गेलात आणि पाय जमिनीला लागले की बाद. मात्र दोन्ही पाय लागले पाहिजेत. एकच लागला तर माणूस अजून आत आहे असं धरतात. शेवटी जो एकटा उरतो तो जिंकला. यात पहिला आणि दुसरा नंबर कोणालाच नको असतो, कारण ते बिचारे सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यांचा मार खातात.

आता सुमनविषयी. सुमन म्हणजे शशीची बायको, राजीवची आई, आणि माझी मैत्रीण. शाळेत गणित शिकवायची. संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याकडे असायचं. पुढच्या खोलीत आम्ही बायका आणि मागच्या खोलीत पुरुष कुस्ती बघताहेत, असं एक वर्ष झालं. दुसऱ्या वर्षी सुमन म्हणाली की हे काही बरोबर नाही, आम्ही तिळगूळ वाटायचा आणि तुम्ही मजा बघायची. त्या वर्षापासून तिनं वाण बदललं. लोक चमचे लुटतात, कुंकवाचे करंडे लुटतात. सुमननं नंबर लुटले. तिळगुळाच्या स्टीलच्या डब्यात एक ते तीस आकड्यांच्या चिठ्ठ्या. कुंकू लावलं की डब्यात हात घालायचा. नंतर पुरुष आणि मुलंही रांगेत आली. त्यांना कुंकू लावून घ्यावं लागलं, त्याला तिची सूट नव्हती.

संक्रांतीनंतर रंबल व्हायची. शशी ती टेप करून ठेवायचा आणि पुढच्या शनिवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे बटाटेवडे खात ती बघायचो. मधले दिवस मौनव्रत. ज्या मुलांच्या मित्रांकडे डिश होती त्यांना सोमवारीच शाळेत निकाल कळलेला असायचा, पण घरी यायचं ते ओठ मिटून. शशीकाकांसमोर एक शब्द नाही. आपल्या मंडळातल्या उल्काचा मुलगा एकदा नुसता हसला, तर शशीनं त्याला आठवडाभर घरात येऊ दिलं नाही.

आम्हाला त्या पैलवानांची नावं कधी पाठ झाली नाहीत. ज्याची चिठ्ठी त्याचं नाव. विनय आला, रवीला उचलला, उल्का गेली. कोणाचा गडी लवकर पडला की वर्षभर ऐकून घ्यावं लागायचं. ब्याण्णव साली मीनल तीन नंबरवर येऊन तासभर टिकली आणि जिंकली, ती अजून ते सांगते. मी एकदा आले आणि बसलेल्यांनी वडा उचलेपर्यंत मी बाहेर.

आणि सुमनचा एक नियम होता. जिंकणाऱ्यानं बसून राहायचं. जो दुसरा येईल त्यानं उठून सगळ्यांना चहा करायचा, आणि त्याला कोणी मदत करायची नाही. चौऱ्याण्णव साली घोटाळा झाला. शेवटचे दोघे एकदमच पडले, दोघांचे पाय एकदम टेकले. रवी आणि विनय. दोघांनाही जिंकलेलं धरलं तिकडे. मग चहा कोण करणार? दोघेही बसून राहिले. सुमननं गणिताच्या बाईसारखा निकाल दिला, की दोघे पहिले म्हणजे दोघे दुसरेही, उठा. अध्यक्ष महाराज, तो चहा तुम्ही उतू घालवला होता.

पंचाण्णव साली हळदीकुंकू संक्रांतीलाच होतं. पाहुणे आधी, घरचे शेवटी, असं म्हणून सुमन आणि शशीनं सगळ्यांनंतर डब्यात हात घातला. दोनच चिठ्ठ्या राहिल्या होत्या. सुमनला एक नंबर आला आणि शशीला दोन. आम्ही सगळे हसलो. सुमन म्हणाली, "बरं झालं, आपण दोघं आधी बाद होऊ आणि वेळेवर वडे तळू."

पुढच्या रविवारी रंबल झाली. शशीनं टेप करून ठेवली. बुधवारी सुमन शाळेत स्टाफरूममध्ये रजिस्टर हातात घेऊन उठली आणि पडली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. संध्याकाळी ती गेली. शनिवारी तिला नेलं. ज्या शनिवारी आम्ही वडे खायला जमणार होतो, त्याच वेळेला जमलो, तीच माणसं. मला त्यातलं फार आठवत नाही. हीटिंग खूप जास्त होतं एवढं आठवतं.

तेराव्याला आम्ही घरी बसलो होतो. अशा वेळी कोणीतरी काहीतरी बोलतं, तसा रवी चांगल्या मनानं शशीला म्हणाला की अरे, त्या दिवशीच्या रंबलमध्ये काय झालं तुला सांगू का, ऐकून तुला... शशीनं हात वर केला. तो म्हणाला, "सांगू नकोस. सुमनचं बघायचं राहिलंय."

एवढंच म्हणाला. आणि उठून पाणी प्यायला गेला.

ताई, त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. या हॉलमधल्या कोणीही त्याला सांगितलेलं नाही. शशीनं डिश काढून टाकली. तो कुठे येणार असला की मुलं पैलवानांचे टीशर्ट बदलून येतात. उल्काच्या मुलाच्या खोलीत एक पोस्टर होतं, ते शशी कधी वर जात नाही तरी तिनं काढायला लावलं. नवीन माणसं मंडळात आली की त्यांना वर्गणी सांगतो, गणपती कधी ते सांगतो, आणि सांगतो की डॉक्टर नगरकरांसमोर पंचाण्णवचा निकाल काढायचा नाही. आमची रेखा गेल्या वर्षी मँचेस्टरहून आली, तिला सहा महिने वाटत होतं की राजीव कुठल्यातरी परीक्षेत नापास झाला असणार. तरीही तिनं तोंडातून शब्द काढला नाही.

तेराव्यानंतरच्या सोमवारी शशी कामावर हजर झाला. यादीतले खुबे बदलले. सगळे म्हणाले किती धीराचा माणूस आहे. मंडळाच्या एकेका कार्यक्रमाला आला, पहिल्या रांगेत बसला, टाळ्या वाजवल्या, दिलं ते खाल्लं. मी एकदा त्याला विचारलं की भाजीत मीठ नव्हतं, तुला कळलं नाही का. नाही म्हणाला. मलाही कळलं नव्हतं, रवीनं सांगितलं म्हणून मी विचारत होते. मी त्याला धीर देणारी कोण? मीही तशीच. सुमन गेली तेव्हा मला रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. दाढ काढण्याआधी मी इंजेक्शन देते ना, त्यानंतर ओठ दुसऱ्याचा असल्यासारखा लागतो. आपण चहा पितो आणि तो हनुवटीवरून ओघळतो तेही समजत नाही. लोक विचारतात, डॉक्टर, हे उतरणार कधी? मी सांगते, जेवायच्या वेळेपर्यंत उतरेल, मग थोडं दुखेल. हे मला कोणी सांगितलं नाही.

मी ती रंबल बघितली. एका दुपारी माझा दवाखाना बंद होता, व्हिडिओच्या दुकानातून आणली आणि एकटीनं शेवटपर्यंत बघितली. मग टेप मागे फिरवून ठेवली, भांडी घासली आणि कपडे वाळत घातले. काय झालं ते मला माहीत आहे. इथल्या सगळ्यांना माहीत आहे. शशी, तुला सोडून सगळ्यांना.

आता हे सगळं आजच का काढलं? गेल्या आठवड्यात राजीवचा फोन आला. पॅकिंग करायला तो इथे आला होता. तो म्हणाला, "काकू, डॅडनी ती टेप सॉकमध्ये गुंडाळला आणि स्वतःच्या बॅगेत ठेवला. पण बेसिंगस्टोकमध्ये कोणाला रूल माहीत नाही. माझ्या ऑफिसमधली लोक पण रेसलिंग बघतो. समबडी विल जस्ट से इट, काकू, बार्बेक्यूमध्ये, असंच. तुम्ही सांगा ना त्याला. मला नाही जमणार." राजीव, तुझं मराठी जसंच्या तसं सांगितलं म्हणून रागावू नकोस. मुद्दा तुझा बरोबर होता.

मी राजीवला नाही म्हटलं. हे सांगायचा हक्क माझा नाही, तुझाही नाही. ज्यानं हात वर केला तोच हात खाली करेल. पण फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही, म्हणून मी विनयकडे या भाषणासाठी वेळ मागितला. शशी, तुला एवढंच सांगायचं होतं. इथून साउथला जाणाऱ्या मोटरवेवर लागलास की तुझ्याभोवती आम्ही नाही. तिथली माणसं चांगलीच असतील. पण त्यांना सुमन माहीत नाही. कोणीतरी हातात बर्गर धरून सांगून टाकेल आणि पुढच्या विषयाकडे वळेल. आणि तू म्हणशील, अच्छा. मला ते नको आहे. का नको ते नीट सांगता येत नाही. तीन वर्षं आम्ही एवढं एकच काम धड केलं, ते असं संपू नये, म्हणून असेल.

बस. एवढंच. टेप तुझी आहे, बघ किंवा बघू नकोस. माझं भाषण झालं. आता आभार. अध्यक्ष महाराजांनी मला अडवलं नाही याबद्दल त्यांचे आभार. शाल मीनलनं निवडली, श्रीफळ लेस्टरहून आलं...

काय?

थांबा, मागे जरा शांत राहा. शशी काहीतरी म्हणतोय. परत बोल, मला ऐकू आलं नाही.

तो म्हणतोय, "सांग."

इथे? सगळ्यांसमोर? नक्की ना? राजीव, तू बस, तो ठीक आहे. शिल्पा, त्याच्या हातातला नारळ घे, पडेल.

बरं. मग ऐक, शशी.

तू आणि सुमन आधी आलात. सगळे तुमच्यावर तुटून पडले. त्या वर्षी गडी भराभर सोडत होते, मोजायला उसंत नव्हती. रवी गेला, विनय गेला, मी गेले, उल्का गेली. एकेक करून सगळे गेले. तीस जण येऊन गेल्यावर आत कोण उरलं होतं, सांगू? तुम्ही दोघं. पहिली आणि दुसरा. तू इथला, इंग्लंडचा पैलवान होतास, अंगावर युनियन जॅक होता. आणि मग तू सुमनला उचलून वरच्या दोरावरून बाहेर टाकलंस. जिंकणाऱ्याचं वाजवतात तसं तुझं गाणं वाजायला लागलं. तू कोपऱ्यातल्या दोरांवर चढून हात वर केलेस. तुला वाटलं संपलं. बघणाऱ्या सगळ्यांनाही तसंच वाटलं.

सुमन गेलेली नव्हती, शशी. ती बाहेरच्या बाजूला दोराला धरून लटकली होती. तिचा एक पाय जमिनीला लागला. दुसरा लागला नाही. कितीदा मागे करून दाखवलं त्यांनी, दुसरा लागलाच नाही. ती तशीच वर चढली, आत आली, तू पाठमोरा होतास, आणि तिनं तुला मागून ढकललं. तुझे दोन्ही पाय टेकले. सुमन जिंकली.

निकाल ठरलेलाच असतो, मला माहीत आहे. तरी.

तू दुसरा आलास.

अध्यक्ष महाराज, सत्कारमूर्ती उठलेत. नाही, दाराकडे नाही, किचनकडे चाललेत. शाल अंगावरच आहे. रवी, तू खाली बस. राजीव, तूही. कोणी मदतीला जायचं नाही, नियम माहीत आहे ना? पाणी तापलंय, दूध फ्रिजच्या दारात आहे, एवढं त्याला सापडेल.

मला आत्ता रडू येतंय. माफ करा. तीन वर्षांनी येतंय आणि चारचौघांत येतंय. दुखतंय. उतरलं म्हणायचं.

डॉक्टर शशिधर नगरकरांना बेसिंगस्टोकमध्ये बरं आयुष्य मिळो. सुलक्षणाताई, तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुमची मी आभारी आहे. बोलण्यात कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाला मी अहोजाहो करायचं विसरले असेन, दहा मिनिटांची वीस झाली असतील, तर ते सगळं पोटात घाला. आणि मंडळी, पहिला कप सुमनचा आहे. बाकीच्यांनी आपापल्या जागेवर बसून राहा, चहा येतोय.